नऊ धावल्या, नऊ पोचल्या

आज मी तुम्हाला एका शर्यतीची गोष्ट सांगणार आहे. शर्यत सव्वादोन मिनिटांची होती. तिच्याबद्दल जे खोटं पसरलं, ते निस्तरायला मात्र बत्तीस वर्षं लागली.

पण आधी आपल्याकडचं सांगते. आठ मार्चच्या मेळाव्याची तयारी चालली होती. खेळ कोणते ठेवायचे यावर आम्ही बसलो होतो. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, उखाणे, अशी नेहमीची यादी तयार झाली. मी म्हटलं, यंदा पळायची शर्यत ठेवू, जरा लांब पल्ल्याची. तिथं मांडवाचं बघणारे एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, हवं तर शंभर मीटर ठेवा. लांब पळवलं आणि कोण पडली-बिडली, तर जबाबदारी कुणाची?" सगळ्या गप्प झाल्या. आमच्यातल्याच दोघी-तिघींनी माना डोलावल्या. शर्यत यादीतून गेली.

घरी येताना आमच्या गटातल्या एक काकी सोबत होत्या. वय पन्नाशीच्या पुढं. वाटेत एवढंच म्हणाल्या, "पोरी, डोक्यावर हंडा घेऊन दोनदा पडले मी, तेव्हा जबाबदारी कुणाची, असं नाही कुणी विचारलं."

ते माझ्या डोक्यात राहिलं. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलं, त्यामुळे पुस्तकं वाचायची ती चुलीवर भात ठेवून. पण सवय लागली. अशी एखादी गोष्ट ऐकली की मला वाटतं, हे आधी कुणी, कधी म्हटलं असेल? शोधायला लागले आणि सापडलं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. साल १९२८, गाव ॲमस्टरडॅम, देश हॉलंड.

तर ती गोष्ट लीना राडके या जर्मन बाईची. तिचं माहेरचं नाव लीना बाटशाउअर. जन्म १९०३ चा, जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरातला. ती पळायला लागली तेव्हा बायकांनी मैदानावर पळणं ही नवीनच गोष्ट होती. लोक बघायला यायचे ते कौतुकानं थोडे आणि गंमत म्हणून जास्त. पुढे गेओर्ग राडके या प्रशिक्षकाशी तिचं लग्न झालं आणि ती ब्रेस्लाउ शहरात राहायला गेली. हे शहर आता पोलंडमध्ये आहे, नाव व्रोत्स्वाफ. नवराच तिला शिकवायचा. लग्न झाल्यावर बाईचं पळणं सुटतं, हे आपण गावोगावी बघतो. दहावीपर्यंत तालुक्याला पहिली आलेली पोर, पुढं तिचे बूट कुठं जातात तेही कळत नाही. लीनाच्या बाबतीत उलटं झालं. लग्नानंतरच ती जगातली सगळ्यांत वेगवान ८०० मीटर धावपटू झाली.

आता ८०० मीटर म्हणजे काय, ते नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठ्या मैदानाची एक फेरी ४०० मीटरची, अशा दोन फेऱ्या. याला मध्यम पल्ल्याची शर्यत म्हणतात. शंभर मीटरला माणूस जीव खाऊन पळतो आणि दम लागायच्या आत संपवतो. लांबच्या शर्यतीत दम राखून पळतो. ८०० मध्ये यातलं काहीच पुरतं जमत नाही. वेगही बराच लागतो आणि तो दोन फेऱ्या टिकवायचा असतो. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पाय शिशाचे होतात, छातीत आग पेटते, दंड जड होतात. शर्यत संपल्यावर पळणारा गुडघ्यावर हात ठेवून वाकतो, नाहीतर सरळ जमिनीवर आडवा होतो. पुरुष असो की बाई, आजचा विश्वविजेता असो की शाळकरी पोरगा, ८०० नंतर असंच दिसतं. मिनिट-दोन मिनिटांत श्वास लागी लागतो आणि माणूस उठून पाणी मागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचाच खेळ आहे.

ऑलिम्पिकमध्ये बायकांना पळायला कसं मिळालं, हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. आताचं ऑलिम्पिक १८९६ साली सुरू झालं, त्यात एकही बाई नव्हती. १९०० पासून टेनिस-गोल्फसारख्या खेळांत थोड्या आल्या, १९१२ मध्ये पोहायला आल्या. पण धावणं, उड्या, थाळीफेक बंदच. ज्यांनी हे ऑलिम्पिक उभं केलं त्या कुबेरतँ साहेबांचंच मत होतं की बाईनं मैदानात उतरू नये, जिंकणाऱ्याचं कौतुक करावं. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आरतीचं ताट धरून उभं राहावं.

फ्रान्समधल्या आलिस मिलिया या बाईला हे पटलं नाही. ती नाँत गावची, स्वतः नाव वल्हवणारी खेळाडू, लवकर विधवा झालेली, भाषांतराचं काम करून पोट भरणारी. तिनं मागणी केली, बायकांच्या शर्यती ऑलिम्पिकमध्ये घ्या. नाही म्हणाले. मग तिनं काय केलं असेल? आपण बायका बँकेनं कर्ज नाकारल्यावर जे करतो तेच. आपला गट काढला. १९२१ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या बायकांचा महासंघ स्थापन झाला आणि १९२२ मध्ये पॅरिसला बायकांचं वेगळं ऑलिम्पिक भरवलं. एका दिवसाचं, पण हजारो लोक बघायला आले. तेव्हा ऑलिम्पिकवाले हादरले. आमचं नाव वापरू नका म्हणाले. मिलियानं नाव सोडलं, स्पर्धा सोडली नाही. चार वर्षांनी १९२६ मध्ये स्वीडनच्या गोटेनबर्गला पुन्हा भरवली, 'जागतिक महिला क्रीडास्पर्धा' या नावानं. शेवटी तडजोड झाली. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांना मैदानी खेळांच्या पाच स्पर्धा मिळाल्या: १०० मीटर, ८०० मीटर, चौघींची रिले, उंच उडी आणि थाळीफेक. बायकांनी दहा मागितल्या होत्या. निम्म्याच दिल्या म्हणून इंग्लंडच्या धावपटू बायका रागानं गेल्याच नाहीत. त्यांचं बरोबर होतं की चूक, यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, मी गेले असते. दार अर्धं उघडलं तर आधी पाय घालावा. पण ज्या गेल्या नाहीत त्यांनाही मी नावं ठेवणार नाही.

आता त्या नऊ जणी.

२ ऑगस्ट १९२८, ८०० मीटरची अंतिम फेरी. आदल्या दिवशी प्राथमिक फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यांतून नऊ जणी आल्या होत्या. तिघी जर्मनीच्या: लीना राडके, मारी डोलिंगर आणि एल्फ्रिडे वेफर. स्वीडनची इंगा गेंट्सेल. जूनमध्ये जागतिक विक्रम तिच्या नावावर होता, जुलैच्या पहिल्या तारखेला लीनानं तो मोडला होता, म्हणजे दोघींचं आधीपासूनच जुंपलेलं. कॅनडाच्या दोघी: जीन थॉम्पसन, वय सतरा, आणि फॅनी रोझेनफेल्ड, जिला सगळे बॉबी म्हणायचे. अमेरिकेची फ्लॉरेन्स मॅकडोनाल्ड, पोलंडची गेर्ट्रुडा किलोस. आणि जपानची कीनुए हितोमी.

या हितोमीपाशी मला जरा थांबायचंय. ती ओकायामा भागातल्या शेतकरी घरातली. जन्म १ जानेवारी १९०७. ओसाकाच्या एका वर्तमानपत्रात नोकरी करायची. १९२६ मध्ये मिलियाबाईच्या गोटेनबर्गच्या स्पर्धेला जपानमधून ती एकटी गेली. सैबेरियातून आगगाडीनं, किती दिवसांचा प्रवास तो! तिथं लांब उडी जिंकली आणि सगळ्या स्पर्धांचे गुण धरले तर सगळ्यांत पुढं तीच निघाली. ती उंच होती, अंगानं दणकट होती, म्हणून ही बाईच आहे का, अशी कुजबुज तिच्यामागं कायम असायची. ॲमस्टरडॅमलाही जपानची एकच बाई खेळाडू होती, हितोमी. तिची सगळी आशा १०० मीटरवर होती आणि तिथं ती उपांत्य फेरीतच बाहेर पडली. अख्ख्या देशातून एकटी आलेली, आता रिकाम्या हातानं परत कसं जायचं? म्हणून ८०० मध्ये उतरली. त्या पल्ल्याची तिची तयारीच नव्हती.

शर्यत सुटली. तेव्हा मैदानाची धावपट्टी कोळशाच्या राखेची असायची, आजच्यासारखी रबराची नाही. आधी गेंट्सेल पुढं होती. दुसऱ्या फेरीत, शेवटचे तीनेकशे मीटर राहिले असताना, लीनानं तिला मागं टाकलं आणि मग ती कुणाला सापडली नाही. हितोमी मागं पडली होती, ती एकेकीला ओलांडत आली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात लीनाच्या मागं लागली. पण लीना २ मिनिटं १६.८ सेकंदांत रेषेवर पोचली. नवा जागतिक विक्रम. हितोमी एका सेकंदाच्याही आत तिच्यामागं आली. तिसरी गेंट्सेल. या तिघीही आधीच्या विक्रमापेक्षा कमी वेळात धावल्या. ऑलिम्पिकच्या मैदानी खेळांत जर्मनीला मिळालेलं हे पहिलंच सुवर्णपदक, पुरुष धरून. आणि हितोमी ही ऑलिम्पिक पदक मिळवणारी आशिया खंडातली पहिली बाई.

मागं आणखी एक गोष्ट घडत होती, ती मला फार आवडते. सतरा वर्षांची जीन थॉम्पसन शेवटच्या टप्प्यात धक्का लागून मागं पडायला लागली. बॉबी रोझेनफेल्ड तिच्यामागून येत होती. बॉबी टोरांटोच्या एका चॉकलेटच्या कारखान्यात कारकुनी करायची, १०० मीटरची तिनं तयारी केलेली, ८०० ची नाही. ती जीनपर्यंत पोचली. पुढं जाता आलं असतं. ती गेली नाही. पोरीच्या बाजूनं पळत तिला धीर देत राहिली आणि तिला चौथी येऊ दिली, आपण पाचवी आली. कॅनडात ही गोष्ट अजून सांगतात. सहावी मॅकडोनाल्ड, सातवी डोलिंगर, आठवी किलोस, नववी वेफर. नऊ धावल्या, नऊ पोचल्या.

रेषेनंतर काय झालं? जे ८०० नंतर होतं ते. कुणी पडली, कुणी गवतावर टेकली, हितोमी तर रेषेनंतर कोसळलीच. हे मी लपवत नाही. तयारी नसताना ती जगातल्या सगळ्यांत वेगवान बाईच्या मागं पळाली होती.

आता वर्तमानपत्रांत काय आलं ते ऐका. धावपट्टीवर बायकांची दैना झाली. बिचाऱ्या अर्धमेल्या होऊन पडल्या. लंडनच्या एका दैनिकानं डॉक्टरांच्या हवाल्यानं छापलं की अशा शर्यतींनी बायका अकाली म्हाताऱ्या होतील. एका नावाजलेल्या अमेरिकन लेखकानं तर लिहिलं की अकरा बिचाऱ्या बायका होत्या, त्यांतल्या पाच शर्यत अर्धवट सोडून गेल्या आणि पाच रेषेवर पोचून कोसळल्या.

अकरा? नऊच तर होत्या. पाच सोडून गेल्या? एकही गेली नाही. मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या बैठकीत हजेरीवहीत नऊ सह्या असतील आणि इतिवृत्तात कुणी अकरा उपस्थित लिहिलं, तर पुढच्याच बैठकीत आपण धरतो. नियमच आहे तो. इथं स्पर्धेच्या अधिकृत निकालात नऊ नावं होती, नऊ क्रमांक होते. त्या शर्यतीचं चित्रीकरणही झालेलं आहे, त्यातही सगळ्या पोचताना दिसतात. पण वही कुणी उघडून बघितली नाही. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं उचललं, दुसऱ्याचं तिसऱ्यानं. चुकीची मागील बाकी पानापानावर पुढं ओढत नेली, तसं. पुढची कित्येक वर्षं पुस्तकांतसुद्धा हेच छापून येत राहिलं.

आणि पडलेल्या पुरुषांचं काय? १९०८ मध्ये लंडनच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या मैदानातल्या अंतरात चार-पाच वेळा पडला. लोकांनी उठवून त्याला रेषेपर्यंत नेलं, म्हणून तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या राणीनं त्याला मुद्दाम चषक दिला, तो जगभर हिरो झाला. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या मॅरेथॉनमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. खरोखर जीव गेला एका तरुणाचा. तरी पुरुषांची मॅरेथॉन बंद करा, असा निर्णय कुणी घेतला नाही. पुरुष पडला तर तो शर्थ करून पडला, आणि बाई पडली तर ती बाई होती म्हणून पडली. काकींचा हंडा मला इथं आठवला.

त्याच सुमाराला मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवून टाकलं: बायकांची ८०० मीटर ऑलिम्पिकमधून बंद. १९३२ मध्ये नाही. १९३६ मध्ये नाही. मग महायुद्ध झालं. १९४८ मध्ये बायकांना २०० मीटर मिळाली, त्याच्यापुढं दोरी बांधलेलीच. १९५२ मध्ये नाही, १९५६ मध्ये नाही.

म्हणजे लीना राडके चोविसाव्या वर्षी जगात पहिली आली आणि तिची शर्यतच काढून घेतली. पुढच्या ऑलिम्पिकला ती २८ वर्षांची होती. पदक राखायला जायचं तर कुठं जायचं? तिचा तो २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विक्रम १९४४ पर्यंत टिकला, सोळा वर्षं. आता विक्रम इतका टिकला याचा अभिमान वाटावा की वाईट वाटावं, ते मला ठरवता येत नाही. ती चांगली होतीच. पण जिथं मोठी स्पर्धाच नाही तिथं त्या पल्ल्याची तयारी करणाऱ्या तरी किती असणार? सातवी आलेली मारी डोलिंगर पुढच्या दोन्ही ऑलिम्पिकला गेली, पण १०० मीटर आणि रिले पळायला. पळायचं तर एवढंच शिल्लक होतं.

लीना १९८३ मध्ये वारली, जन्मगावी कार्ल्सरूहलाच. ८०० परत आलेली तिनं पाहिली.

हितोमीचं आयुष्य मात्र थोडं निघालं. १९३० मध्ये ती प्रागला मिलियाबाईच्या स्पर्धेत खेळली, लांब उडी पुन्हा जिंकली. त्यानंतर आजारी पडली, न्यूमोनिया झाला आणि २ ऑगस्ट १९३१ ला गेली. वय २४. तारीख बघा, ॲमस्टरडॅमच्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं त्याच दिवशी पूर्ण होत होती. जपानच्या बाईला मैदानी खेळांत पुढचं ऑलिम्पिक पदक मिळायला १९९२ साल उजाडलं. ते मिळवलं मॅरेथॉनमध्ये युको आरिमोरीनं, आणि तीही ओकायामाचीच.

मिलियाच्या स्पर्धा १९३४ पर्यंत चालल्या. मग महासंघ बंद पडला. ती १९५७ मध्ये वारली तेव्हा तिचं नाव फारसं कुणाला माहीत राहिलं नव्हतं. पॅरिसमध्ये फ्रान्सच्या ऑलिम्पिक समितीच्या इमारतीत तिचा पुतळा लागला तो २०२१ मध्ये, कुबेरतँ साहेबांच्या पुतळ्याजवळ. त्या दोघांना आता एकाच दालनात उभं राहावं लागतंय, याची मला थोडी गंमत वाटते.

१९६० मध्ये रोमला ८०० मीटर परत आली. सोव्हिएत रशियाची ल्युदमिला शेवत्सोवा २ मिनिटं ४.३ सेकंदांत पहिली. त्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाची डिक्सी विलिस पुढं होती, शेवटच्या टप्प्यात तिचा तोल गेला आणि ती धावपट्टीबाहेर गेली. म्हणजे १९२८ मध्ये जे घडलंच नव्हतं, ते १९६० मध्ये घडलं. एक बाई शर्यत पूर्ण करू शकली नाही. या वेळी शर्यत बंद झाली नाही. दोन वर्षांनी त्याच डिक्सीनं जागतिक विक्रम केला.

पण दोरी एकदम सुटली नाही, गाठ-गाठ सुटत गेली. बायकांना १५०० मीटर मिळाली १९७२ मध्ये. मॅरेथॉन १९८४ मध्ये. १०,००० मीटर १९८८ मध्ये, ५,००० मीटर १९९६ मध्ये. आणि प्रत्येक वेळी तेच डॉक्टरी कारण पुढं यायचं: बाईचं शरीर सोसणार नाही, गर्भाशय जागेवरून सरकेल. मी हे वाचत होते तेव्हा आमच्याकडं टंचाई होती आणि टँकर गावाबाहेरच्या टाकीवर रिकामा होत होता. बायका तिथून हंडे आणत होत्या. त्यांत एक सातव्या महिन्याची होती.

आपल्या देशातलंही सांगते. १९५२ मध्ये हेलसिंकीला भारताच्या बायका पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या मैदानात धावल्या, निलिमा घोष आणि मेरी डिसूझा. मेरी मुंबईच्या वांद्र्याची. तिला पाठवायला पैसे पुरेनात तेव्हा ओळखीच्या लोकांनी वर्गणी जमवली. या दोघी धावल्या त्या छोट्या पल्ल्यांत, कारण मोठे पल्ले नव्हतेच. पुढं गीता झुत्शीनं १९७८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. १९८४ मध्ये शायनी अब्राहम ८०० मीटरमध्ये ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोचली.

आणि आपली ललिता बाबर. सातारा जिल्ह्यात माण तालुका, मोही गाव. दुष्काळी पट्टा, तुमच्या-माझ्यासारखाच. तिची शर्यत ३,००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे पळता पळता अडथळे ओलांडायचे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची, एकदा नव्हे, सात वेळा. पुरुषांसाठी ही ३,००० मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९२० पासून आहे. बायकांसाठी २००८ मध्ये आली. ललिताचा जन्म १९८९ चा. तिच्या शाळेच्या दिवसांत तिची शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच, हे मला आधी माहीत नव्हतं. २०१६ मध्ये रिओला तिनं प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी गाठली होती, त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत गेलेली ही पहिली भारतीय बाई. अंतिम फेरी १५ ऑगस्टला झाली. ती दहावी आली. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन करून आलेल्या आमच्या गटातल्या बायका संध्याकाळी एका घरी टीव्हीपुढं बसल्या होत्या, मीही होते. शर्यत संपल्यावर ललिता वाकून गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होती. कुणीतरी म्हणालं, "दमली गं पोर." बस्स, एवढंच म्हणालं.

आता मेळाव्याचं. मागच्या बैठकीत मी ही सगळी गोष्ट सांगितली आणि शर्यतीचा विषय पुन्हा घेतला. ठराव झाला, सूचक-अनुमोदकासह इतिवृत्तात लिहिला. शाळेच्या मैदानाची एक फेरी आम्ही टेपनं मोजली, २०० मीटर भरली. म्हणजे चार फेऱ्या. पाण्याची सोय आहे, आशाताई हजर राहणार आहेत, ज्यांना रक्तदाबाचा किंवा दुसरा त्रास आहे त्यांनी आधी उपकेंद्रात तपासून घ्यायचं आहे. दमलं तर चालायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. साडी नेसून पळायचं की ड्रेस घालून, ते जिचं तिनं ठरवायचं. बूट नसले तरी चालेल, मैदानातले खडे आदल्या दिवशी आपणच वेचणार आहोत.

नावं नोंदवायची वही माझ्याकडं आहे. आजपर्यंत चौदा नावं आलीत, पहिलं काकींचं आहे. किती सुटल्या आणि किती पोचल्या, याची नोंद त्याच वहीत होईल आणि खाली दोघींच्या सह्या घेऊ.